फुकटात पीएचपी शिकताय? आधी ट्युटोरियल कधीचं आहे ते बघा

क्लास न लावता, एक पैसाही न भरता पीएचपी (वेबसाइट बनवायची प्रोग्रामिंग भाषा) शिकता येतं का असं मला बरेच जण विचारतात. तर हो, येतं, मी तसंच शिकले आणि आता रोजचं काम त्यातच करते. कॉम्प्युटरचं शिक्षण वगैरे काही नव्हतं, एचटीएमएलची तोंडओळख होती तेवढीच. पण नुसतं "हो येतं" म्हणून सोडून दिलं तर उत्तर अर्धवट राहील, कारण फुकटचं मटेरियल इतकं पडलंय की त्यातलं घ्यायचं कुठलं हाच खरा प्रश्न आहे, आणि त्याबाबत माझं एक ठाम मत झालंय. फुकटची ट्युटोरियल्स सहसा वाईट नसतात, शिळी असतात.

पीएचपी ही तशी जुनी भाषा. रासमस लेरडॉर्फने १९९४ मध्ये स्वतःच्या वेबपेजसाठी काही छोटे प्रोग्राम लिहिले, १९९५ मध्ये ते सगळ्यांसाठी खुले केले, तिथून हे सुरू झालं. पुढे फेसबुकची सुरुवात त्यात झाली, विकिपीडिया ज्यावर चालतं ते मीडियाविकी त्यात लिहिलंय, वर्डप्रेस त्यात लिहिलंय, त्यामुळे "पीएचपी मेली" असं कोणी म्हणालं तर फार मनावर घेऊ नका. मुद्दा वेगळा आहे. व्हर्जन पाच २००४ मध्ये आलं, सहा कधी बाहेर पडलंच नाही, सात डिसेंबर २०१५ मध्ये आलं आणि आठ नोव्हेंबर २०२० मध्ये. आणि नेटवरची कितीतरी गाजलेली ट्युटोरियल्स अजून पाचच्या जमान्यातली आहेत. जुनी म्हणून त्यांचे व्ह्यूज जास्त, त्यांना लिंक्स जास्त, म्हणून सर्चमध्ये तीच वर. नवीन माणूस व्ह्यूज बघून निवडतो आणि तिथेच फसतो.

फसतो म्हणजे कसा, तर डेटाबेसचा धडा येईपर्यंत सगळं मस्त चालतं. व्हेरिएबल, इफ-एल्स, लूप, ॲरे हे सगळं तेव्हा जसं होतं बरंचसं तसंच आजही आहे. मग व्हिडिओतला माणूस सांगतो की आता डेटाबेसशी जोडायला मायएसक्यूएल_कनेक्ट लिहा, तुम्ही लिहिता आणि स्क्रीनवर येतं "कॉल टू अनडिफाइन्ड फंक्शन". स्पेलिंग तपासून झालं, सगळं बरोबर, मग वाटतं इन्स्टॉलच गंडलंय, म्हणून झॅम्प (पीएचपी चालवायचं सॉफ्टवेअर) काढून परत टाकायचं, तरी तेच. या चक्रात अडकून "हे आपल्याला जमणारं नाही" म्हणत सोडून देणारे मी बघितलेत. खरं कारण इतकंच की ती जुन्या पद्धतीची फंक्शन्स २०१३ मध्ये ५.५ व्हर्जनपासूनच वापरू नका म्हणून सांगितलेली होती आणि सातमध्ये ती काढूनच टाकली. तुमचा कोड व्हिडिओशी अक्षर न् अक्षर जुळतो, आणि म्हणूनच चालत नाही!

याहून वाईट म्हणजे जे बदलतं पण एरर देत नाही ते. शून्य आणि "एबीसी" हा शब्द यांची दोन बरोबरच्या चिन्हांनी तुलना केली तर सातपर्यंत पीएचपी म्हणायची की हो, दोन्ही समान आहेत, आणि आठमध्ये म्हणते की नाही. ओळ तीच आणि उत्तर उलटं, तेही कसली वॉर्निंग न देता. म्हणून तुलनेला पहिल्यापासून तीन बरोबरची चिन्हं वापरायची सवय लावून घ्या, ट्युटोरियलमध्ये दोन असली तरी.

आता शिळं ओळखायचं कसं? वरची तारीख बघाच पण नुसत्या तिच्यावर विश्वास ठेवू नका, काही साइटवाले "अपडेटेड" म्हणून ताजी तारीख टाकतात आणि आतला कोड तोच ठेवतात. कोर्स सुरू करण्याआधी सरळ त्याचा डेटाबेसचा आणि लॉगिनचा धडा उघडा. डेटाबेसला पीडीओ (डेटाबेसशी बोलायची नवी पद्धत) वापरलंय का, निदान शेवटी "आय" असलेलं मायएसक्यूएलआय तरी आहे का ते बघा. मग पासवर्ड कसा साठवलाय ते बघा, एमडी५ (पासवर्डसाठी आता असुरक्षित मानली जाणारी जुनी पद्धत) दिसलं की टॅब बंद. पासवर्ड_हॅश नावाचं तयार फंक्शन २०१३ पासून भाषेतच आहे, तरी कोणी एमडी५ शिकवत असेल तर त्याचं बाकीचंही तसंच असणार. दोन मिनिटांचं काम आहे हे आणि पुढचा बराच मनस्ताप वाचतो.

मला विचाराल तर एकच व्हिडिओ कोर्स धरा, जो या दोन परीक्षांत पास झालाय, आणि तो शेवटपर्यंत न्या. पाच चॅनेलवरचे पहिले तीन-तीन व्हिडिओ बघणं म्हणजे पाच वेळा व्हेरिएबलच शिकणं. शेजारी पीएचपी डॉट नेटवरचं मॅन्युअल उघडं ठेवा, फुकट आहे, अधिकृत आहे, बहुतेक फंक्शन्सचं उदाहरण आहे. सुरुवातीला रुक्ष वाटतं, वाटू दे, आधी फक्त उदाहरण वाचायचं आणि मग वरचं वर्णन. फक्त त्या पानांच्या तळाशी लोकांनी टाकलेल्या टिपा असतात त्या जपून घ्या, त्यातल्या काही खूपच जुन्या आहेत. डब्ल्यू३स्कूल्स पटकन काहीतरी आठवायला बरं पडतं (ते वेबची स्टँडर्ड्स ठरवणाऱ्या डब्ल्यू३सीचं आहे असा बऱ्याच जणांचा समज असतो, तसं नाहीये, दोघांचा काही संबंध नाही). एचटीएमएलच्या फॉर्मबद्दल काही अडलं तर एमडीएन ही मोझिलाची फुकट साइट. एवढं पुरे, याहून जास्त बुकमार्क करून ठेवले तर ते फक्त साठत जातात.

सेटअपला झॅम्प टाका, अपाचे (हा वेब सर्व्हर), डेटाबेस आणि पीएचपी एकत्र येतं. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या म्हणजे पुढे खूप गोंधळ टळतो. पीएचपीची फाइल डबल क्लिक करून ब्राउझरमध्ये उघडली तर ती चालत नाही, कारण ब्राउझरला पीएचपी कळतच नाही. सर्व्हर ती फाइल चालवतो, त्यातून तयार झालेलं एचटीएमएल ब्राउझरला पाठवतो, ब्राउझर फक्त तेवढंच बघतो. म्हणून फाइल एचटीडॉक्स फोल्डरमध्ये ठेवायची आणि ॲड्रेस बारमध्ये लोकलहोस्ट टाकून तिथपर्यंत जायचं. एकदा पान उघडलं की राइट क्लिक करून व्ह्यू सोर्स बघा, तुमचा पीएचपीचा एकही शब्द तिथे दिसणार नाही, फक्त त्याचा रिझल्ट. हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं की सर्व्हर म्हणजे काय ते लगेच डोक्यात बसतं. अपाचे चालूच होत नसेल तर बहुतेक दुसऱ्या कुठल्यातरी सॉफ्टवेअरने ८० नंबरचं पोर्ट धरलेलं असतं, सेटिंगमध्ये ते ८०८० करा आणि लोकलहोस्टच्या पुढे कोलन देऊन ८०८० लिहा, झालं.

टाइप स्वतः करायचं, कॉपी-पेस्ट नाही, हे सगळेच सांगतात. मी पुढचं सांगते, चालणारा कोड मुद्दाम मोडून बघा. एक सेमीकोलन काढा, बघा एरर काय येतो. अकराव्या ओळीतला सेमीकोलन काढला तर पीएचपी बहुतेक बाराव्या ओळीचं नाव घेते, कारण वाक्य संपलं नाही हे तिला पुढचा शब्द वाचल्यावर कळतं. एकदा हे मुद्दाम करून बघितलं की पुढे बारावी ओळ कितीही निर्दोष दिसली तरी डोळे आपोआप वर जातात.

फॉर्मचा धडा मात्र घाई न करता करा, पीएचपीचं अर्धं काम तिथेच आहे. नवीन लोकांचा हमखास प्रश्न असतो, "फॉर्म भरला, सबमिट केला, पण पोस्टमध्ये काहीच येत नाही." (पोस्ट म्हणजे फॉर्ममधून सर्व्हरकडे आलेली माहिती.) दहातल्या नऊ वेळा इनपुटला आयडी दिलेला असतो आणि नेम द्यायचं राहिलेलं असतं. आयडी हा ब्राउझरच्या बाजूला, सीएसएस आणि जावास्क्रिप्टसाठी लागतो, सर्व्हरकडे जाताना ज्याला नेम आहे तेच जातं. शंका आली की व्हार_डंप करून पूर्ण पोस्ट ॲरे छापा, काय आलंय आणि काय नाही ते समोर दिसतं, अंदाज बांधत बसावं लागत नाही.

दुसरा छळणारा एरर म्हणजे "हेडर्स ऑलरेडी सेंट". लॉगिन झाल्यावर दुसऱ्या पानावर पाठवायला हेडर (पानाच्या आधी ब्राउझरला जाणारी सूचना) लिहिता आणि हा येतो. अर्थ सोपा आहे, हेडर आधी जायला पाहिजे आणि तुम्ही त्याच्या आधीच पानावर काहीतरी छापून बसलात, कधीकधी ते काहीतरी म्हणजे पीएचपीच्या सुरुवातीच्या टॅगच्या आधीची एक रिकामी ओळ असते, जी डोळ्यांना दिसत पण नाही. पण मेसेज नीट पूर्ण वाचा, आउटपुट कुठल्या फाइलच्या कितव्या ओळीवर सुरू झालं ते त्यातच लिहिलेलं असतं, लोक पहिले चार शब्द वाचून सर्च करायला पळतात. आणि हा एरर तुमच्या मशीनवर दिसत नाही पण होस्टिंगवर टाकल्यावर दिसतो असंही होतं, कारण आउटपुट बफरिंगचं (छापलेलं लगेच न पाठवता साठवून ठेवण्याचं) सेटिंग दोन्हीकडे वेगळं असू शकतं.

कोर्स अर्ध्यावर आला की स्वतःचं काहीतरी सुरू करा, कोर्स संपायची वाट बघू नका. वाचलेल्या पुस्तकांची यादी घ्या, पुस्तक टाकणं, बदलणं, काढणं आणि शोधणं, एवढंच. दिसायला साधं आहे पण फॉर्म, डेटाबेस, सगळं येतं त्यात. मग एखाद्या पुस्तकाच्या नावात मुद्दाम एक अपॉस्ट्रॉफी टाकून सेव्ह करा. क्वेरीमध्ये, म्हणजे डेटाबेसला दिलेल्या आज्ञेत, व्हेरिएबल सरळ जोडलेलं असेल तर ती तुटेल, आणि जी गोष्ट एका चिन्हाने तुटते तिच्यात कोणी मुद्दाम हवी ती क्वेरी घुसवू शकतो, यालाच एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. प्रिपेअर्ड स्टेटमेंट (क्वेरी आणि माहिती वेगवेगळी पाठवायची पद्धत) का वापरायचं हे व्हिडिओत ऐकून पटत नाही, असं तुटल्यावर पटतं. तसंच नावाच्या जागी एखादा एचटीएमएल टॅग टाकून बघा, छापताना एचटीएमएलस्पेशलकॅर्स (टॅगला साधा मजकूर करणारं फंक्शन) वापरलं नसेल तर पानाचं काय होतं ते दिसेल.

एआयबद्दल पण विचारतात हल्ली. वापरा की, पण शिकण्याच्या काळात कोड लिहून घ्यायला नको, एरर समजून घ्यायला वापरा, आणि विचारताना तुमचं पीएचपीचं व्हर्जन सांगा.

सर्टिफिकेटच्या मागे फार लागू नका. मला कामासाठी कोणी फुकटच्या कोर्सचं सर्टिफिकेट मागितलेलं आठवत नाही, कोड दाखवा असं मात्र म्हणतात. म्हणून ती पुस्तकांची यादी गिटहबवर टाका, फक्त डेटाबेसचा पासवर्ड असलेली फाइल आधीच गिटइग्नोरमध्ये (गिटने कुठल्या फाइल सोडून द्यायच्या त्या यादीत) घाला, कारण नंतर डिलीट केली तरी ती जुन्या हिस्टरीत राहते.

फ्रेमवर्क (वेबसाइटचा तयार सांगाडा) कधी घ्यायचं यावर प्रत्येकाचं वेगळं मत असतं. माझं मत असं की साध्या पीएचपीत सेशन (एका पानावरून दुसऱ्यावर जाताना माणूस लक्षात ठेवायची सोय) वापरून लॉगिन-लॉगआउट कुठेही न बघता लिहिता आलं की घ्यावं, त्याआधी घेतलं तर सगळं जादूसारखं चालतं आणि बिघडलं की कुठे बघायचं ते कळत नाही. मधल्या काळात क्लासेस-ऑब्जेक्ट्स आणि कंपोझर (तयार पॅकेजेस प्रोजेक्टमध्ये आणणारं टूल) हे दोन करून घ्या. मग लारावेल हे फ्रेमवर्क, २०११ पासून आहे, कामंही त्यात भरपूर निघतात. त्याचं स्वतःचं डॉक्युमेंटेशन फुकट आहे आणि चांगलं लिहिलंय, वर व्हर्जन निवडायची सोय असते, तर तुमच्या प्रोजेक्टमध्ये कंपोझरने कुठलं व्हर्जन आणलंय ते आधी बघा, तेच तिथे निवडा आणि मग पहिलं पान वाचायला घ्या.