फील्ड टेस्टला बसण्यापूर्वी

काचबिंदूच्या पेशंटची फील्ड टेस्ट, म्हणजे समोर बघताना आजूबाजूचं किती दिसतं याची तपासणी, मी रोज घेते. पहिल्यांदा येणारे बहुतेक जण धास्तावलेले असतात, त्यांच्यासाठी हे.

चष्मा आणि जुने रिपोर्ट बरोबर आणा. झोप पुरेशी झालेली असू द्या.

एक डोळा झाकला की हनुवटी टेकवायची, कपाळ पट्टीला लावायचं. मान अवघडत असेल तर तेव्हाच सांगा, मशीन खाली-वर करता येतं. वरची पापणी उतरलेली असेल तर मी चिकटपट्टीने हलकेच उचलून धरते, नाहीतर वरची नजर गेल्यासारखी दिसते.

नजर मधल्या दिव्यावरच ठेवा. कडेला ठिपका चमकला, अगदी पुसट वाटला तरी बटण दाबा. त्याला शोधायला डोळा फिरवू नका. पापण्या मात्र खुशाल मिटा, शक्यतो बटण दाबताना. दमलात तर सांगा, टेस्ट थांबवता येते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मशीन ठिपके मुद्दाम फिके करत जातं. निरोगी डोळ्यालाही साधारण निम्मे दिसत नाहीत. एक आजोबा अंदाजाने बटण दाबतच राहिले. रिपोर्ट भरवशाचा आला नाही, पुन्हा बसवावं लागलं. "काही दिसेना की वाटतं, गेली नजर," असं म्हणताना त्यांचा हात थरथरत होता. दुसऱ्या वेळी मी शेजारी बसून बोलत राहिले आणि टेस्ट नीट झाली.

पहिली टेस्ट खराब आली तर लगेच खचू नका. सरावाने ती सुधारते, म्हणूनच डॉक्टर पुन्हा करायला सांगतात.