होम सर्व्हरचा सीपीयू सतत चढलेला? डॉकर वापरताना या चुका टाळा

जुन्या लॅपटॉपवर किंवा मिनी पीसीवर लिनक्स टाकून डॉकरचे दहा-बारा कंटेनर (एकमेकांपासून वेगळे ठेवून चालवलेले प्रोग्रॅम) चालवणाऱ्याला एक ना एक दिवस पंख्याचा आवाज येऊ लागतोच. बहुतेकांचा हात आधी रीबूटकडे जातो. पंखा शांत होतो खरा, पण सीपीयू कोण खात होतं याचा मागही पुसला जातो. चार दिवसांनी पुन्हा तेच.

आधी आकडे नीट वाचा. कोणता कंटेनर किती सीपीयू खातो हे दाखवणाऱ्या ‘डॉकर स्टॅट्स’ कमांडमध्ये शंभर टक्के म्हणजे एक कोअर. चार कोअरच्या मशीनवर एकच कंटेनर 400 पर्यंत जाऊ शकतो, त्यामुळे 110 पाहून घाबरायचं कारण नाही. लोड ॲव्हरेजही (चालू आणि थांबलेल्या कामांची सरासरी) फसवतं, कारण डिस्कची वाट पाहत अडकलेल्या प्रोसेसही लिनक्स त्यात मोजतो. लोड 8 आणि सीपीयू निवांत असेल तर संशय यूएसबीला लावलेल्या संथ हार्डडिस्कवर घ्या. प्रोसेसची यादी दाखवणाऱ्या ‘टॉप’मध्ये सगळ्यात वर ‘केस्वॅपडी’ (रॅम मोकळी करणारी लिनक्सची प्रोसेस) ठाण मांडून असेल तर रॅम कमी पडते आहे. मग कंटेनरच्या सीपीयू सेटिंग्ज चिवडण्यात अर्थ नाही.

खरा खादाड बहुतेक घरांत मीडिया सर्व्हर निघतो. जेलीफिन या मीडिया सर्व्हरमध्ये व्हिडिओ जसाच्या तसा टीव्हीला गेला तर सीपीयूला फारसं काम नसतं. टीव्हीला तो फॉरमॅट चालत नसेल तर मात्र ट्रान्सकोडिंग, म्हणजे व्हिडिओ दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलणं, सुरू होतं. ब्लू-रेवरून आलेली चित्ररूप सबटायटल्स चालू केली की बऱ्याचदा ती व्हिडिओवर छापावी लागतात, आणि सबटायटल्समुळे मशीन घामाघूम झालंय हे कुणाच्या लक्षातच येत नाही. इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरमध्ये क्विक सिंक (व्हिडिओ बदलण्याचं खास हार्डवेअर) असतं, पण ‘डेव्ह’खालचा ‘डीआरआय’ फोल्डर कंटेनरला दिलाच नाही तर ते उपयोगाचं नाही. नुसता तो देऊनही भागत नाही. जेलीफिनच्या सेटिंग्जमध्ये हार्डवेअर ॲक्सिलरेशन वेगळं चालू करावं लागतं.

फोटो साठवणाऱ्या इमिचमध्ये हजारो फोटो एकदम टाकले तर चेहरे ओळखण्याचं काम बराच वेळ चालणारच. तो बिघाड नव्हे. रात्रभर चालू द्या.

कंटेनर गप्प दिसतात, तरी मशीन व्यग्र? मग ‘एचटॉप’मध्ये खुद्द डॉकर चालवणाऱ्या ‘डॉकरडी’ आणि ‘कंटेनरडी’ या प्रोसेसकडे बघा. हेल्थचेकच्या (कंटेनर नीट चालतोय का याची तपासणी) प्रत्येक फेरीला कंटेनरच्या आत नवी प्रोसेस सुरू होते. मूळ अंतर 30 सेकंदांचं आहे. कुठून तरी उचललेल्या कंपोज फाइलमध्ये (कंटेनरच्या सेटिंग्जची फाइल) ते 5 असेल आणि कंटेनर वीस असतील, तर छोट्या प्रोसेसरला तेवढंही जड जातं. घरच्या सर्व्हरला मिनिटाला एकदा पुरे. देखरेखीसाठी लावलेला सीॲडव्हायझरही कधी कधी बाकीच्यांपेक्षा जास्त खातो!

‘रीस्टार्ट ऑलवेज’ ही पडलेला कंटेनर आपोआप उठवणारी सेटिंग सगळीकडे डोळे मिटून लावू नका. कोसळणारा कंटेनर पुन्हा उठवताना डॉकर दर वेळी थांबण्याचा वेळ दुप्पट करतो, हे खरं. पण कंटेनर 10 सेकंद टिकला की मोजणी परत पहिल्यापासून. म्हणजे पंधरा सेकंद चालून पडणारा कंटेनर दिवसभर उठबस करत राहतो. चालू कंटेनरची यादी देणाऱ्या ‘डॉकर पीएस’मध्ये कायम ‘अप’ पुढे काही सेकंदच दिसत असतील तर हाच प्रकार. लॉग वाचा, कारण बहुधा चुकीचा पासवर्ड किंवा फोल्डरची परवानगी असं साधंच असतं.

सीपीयूची कडक मर्यादा घालणं हा शेवटचा उपाय. ट्रान्सकोडिंगवर ती लावली तर सिनेमा अडकत चालतो, आणि पडून पुन्हा उठत राहणारा कंटेनर फक्त हळू पडतो. त्यापेक्षा सीपीयू शेअर्स (गर्दीत कुणाला किती वाटा मिळावा हे ठरवणारा आकडा) बरे: मूळ मूल्य 1024 असतं. इमिचच्या मशीन लर्निंगला 256 द्या. गर्दी झाली तरच ते मागे सरेल, एरवी मोकळं धावेल.

विदर्भातल्या मे महिन्याचा वेगळा विचार करा. रास्पबेरी पाय 4 चिप 80 अंशांवर गेली की वेग कमी करते, मग तेच काम करताना सीपीयूचा आकडा चढलेला दिसतो. हीटसिंक आणि पंखा लावा.

आणि अनोळखी नावाची प्रोसेस सगळे कोअर व्यापून बसली असेल तर क्रिप्टो मायनरची (तुमच्या मशीनवर गुपचूप क्रिप्टो चलन कमावणारा प्रोग्रॅम) शंका घ्या. राउटरवरून डॉकरचा दुरून हुकूम घेणारा 2375 पोर्ट उघडा ठेवला तर बाहेरचा कुणीही तुमच्या मशीनवर कंटेनर चढवू शकतो. ‘यूएफडब्ल्यू’ फायरवॉल लावलंय म्हणून निर्धास्त राहू नका, डॉकरने प्रकाशित केलेले पोर्ट त्याला वळसा घालून जातात. अशा वेळी तो एक कंटेनर उडवून भागत नाही: नेटची केबल काढा, बॅकअपमधला फक्त डेटा घ्या आणि मशीन नव्याने उभं करा.