भंगारातलं प्यूटर वितळवताना काय काढायचं, काय नाही

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा भंगाराच्या ढिगात राखाडी रंगाचा मग, मेणबत्तीचा स्टँड, जुनी ट्रॉफी हाताला लागली, तरी तिला लगेच प्यूटर म्हणू नका. आजच्या शिसेविरहित प्यूटरमध्ये साधारण ९२ टक्के कथील, ६ टक्के अँटिमनी आणि २ टक्के तांबं असतं. तसाच दिसणारा जस्ताचा ओतीव माल मात्र भांडंभर धातू नासवतो. वस्तूच्या तळाला कानस मारून चकाकी काढा आणि तिथे हार्डवेअरच्या दुकानातल्या ॲसिडचा एक थेंब टाका. फसफसून बुडबुडे आले तर जस्त, जवळजवळ काहीच झालं नाही तर कथील. पांढऱ्या कागदावर घासून पेन्सिलीसारखी रेघ उमटली तर शिसं आहे. तो माल वेगळ्या भांड्यात वितळवा आणि त्यातून खाण्यापिण्याची कुठलीही वस्तू ओतू नका.

‘जस्त ४२० अंशांना वितळतं, तीनशेवर ते घट्टच राहील, मग उचलून काढू’ असं सांगणारे भेटतील. ऐकू नका. वितळलेलं कथील जस्ताला हळूहळू विरघळवतं. तुकडा वर तरंगताना दिसतो तोवर त्यातला थोडा भाग आत गेलेला असतो.

भांडं लोखंडाचं किंवा स्टीलचं, पळी स्टीलची. ॲल्युमिनियम नको, जस्ताचा मुलामा असलेलं काही नको, आणि ही भांडी परत स्वयंपाकघरात न्यायची नाहीत. हातमोजे, चष्मा, बंद बूट, उघडी पडवी हे वेगळं सांगायला नको.

पाण्याबद्दल मात्र सांगायलाच हवं. जून ते सप्टेंबर गोव्यात कोरडं असं काही नसतं. चिऱ्यावर शेगडी मांडायची सवय असते, पण चिरा पाणी पितो आणि त्यावर सांडलेला धातू तडतडून उडतो. खाली पत्र्याच्या ट्रेमध्ये भाजून कोरडी केलेली वाळू पसरा. पोकळ दांडे आणि बंद तळ आधी कापून उघडा. आत पाणी, प्लास्टर नाहीतर डांबर भरलेलं असू शकतं. वितळलेल्या धातूत नवा तुकडा टाकायचा तर तो आधी भांड्याच्या काठावर तापवून घ्या. पळी आणि साचाही तसेच.

आता खरी मेख. भंगार वितळू लागलं की वर पेजेतल्या शितांसारखा दाट थर दिसतो. हीच मळी समजून बहुतेक जण ती काढून फेकतात, आणि इथेच माल बिघडतो. ९२-६-२ च्या मिश्रधातूत पातळपणा २४४ अंशांना सुरू होतो आणि पुरा वितळायला २९५ लागतात. मधल्या टप्प्यात अँटिमनी आणि तांब्याचे कथिलाशी जुळलेले स्फटिक घट्टच राहतात. ते काढले की हाती उरतं मऊ कथील, आणि ओतलेली वस्तू बोटाने वाकते. मग लोक साच्याला दोष देतात.

म्हणून उष्णता ३०० ते ३२० अंशांपर्यंत नेल्याशिवाय पळी लावू नका. तापमान काडीवाल्या थर्मोकपलने बघा. इन्फ्रारेडची पिस्तुलं चकचकीत धातूवर भलतंच कमी तापमान दाखवतात आणि त्यावर विसंबून माणूस आच वाढवत बसतो. ३२० ला ढवळल्यावर दाट थर विरघळला तर तो माल होता. राहिला तर मळी.

मळी म्हणजे धातूचा ऑक्साइड, पण तिच्यात अडकलेला चांगला धातूही भरपूर असतो. तो सोडवायला किलोभर मालाला वाटाण्याएवढं मेण टाका. धूर होईल आणि वाफ पेट घेईल. घेऊ द्या, पेटलेली कमी धुरकटते. त्या वेळी तोंड भांड्यावर नको. मेण जळत असताना तळ आणि कडा खरवडत ढवळत राहा. चिकट राखाडी लगदा कोरड्या, काळपट भुकटीत बदलला की ती काढायची. भुकटी पळीवर मोकळी घरंगळायला हवी. चमकते थेंब दिसत असतील तर आणखी थोडं मेण आणि पुन्हा ढवळणं. दोन-तीन फेऱ्या पुरतात.

नवसागर कल्हईसाठी ठीक आहे, इथे नको. इथल्या हवेत तो ओलसर होऊन गुठळ्या बनतो, धातूत पडला की उडतो आणि घशाला झोंबणारा धूर सोडतो. ओली काठी बुडवून ‘शुद्धी’ करायचा उपायही त्याच जातीचा.

३२० वरही वर सुरकुत्यांची साय पुन्हा पुन्हा येत असेल आणि धातू ओतताना मध्येच थबकत असेल, तर जस्त किंवा ॲल्युमिनियम शिरलं आहे. ते घरी निघणार नाही. भांडं बाजूला ठेवा, चांगल्या मालात मिसळू नका.

स्वच्छ धातू मेणबत्तीच्या काजळीने काळवंडलेल्या, भोकं नसलेल्या जुन्या स्टीलच्या वाट्यांत ओता. वडी थंड झाली की खिळ्याने खूण करा: शिसेविरहितवर ‘क’, शिशाच्या मालावर ‘शि’. दोन महिन्यांनी सगळ्या वड्या सारख्याच दिसतात.

काढलेली भुकटी झाकणाच्या डब्यात, ओल्या फडक्याने टिपून. झाडूने लोटू नका, माडाच्या आळ्यात टाकू नका. शिशाचा माल असेल तर ती भुकटी विषारी आहे. हात साबणाने धुतल्याशिवाय चहाच्या कपाला हात लावायचा नाही.