हिऱ्यावर शब्द कोरून घेण्याआधी

आधी मजकूर ठरवा, मग खडा सुटा करा. आमच्या घरी उलटं झालं. लेकीच्या अंगठीसाठी आईच्या कुडीतला मधला हिरा काढला आणि तो बेळगावच्या शहापुरात सराफांच्या पुडीत महिनाभर पडून राहिला, कारण काय लिहायचं ते घरात कुणालाच ठरवता येईना.

लेसरची अक्षरं उमटतात खड्याच्या मधल्या कडेवर. सराफ तिला गर्डल म्हणतात. १ कॅरेटचा गोल हिरा साधारण ६.५ मिलिमीटर रुंद, म्हणजे घेर २० मिलिमीटरच्या आसपास. आमचा खडा १५ सेंटचा, म्हणजे ०.१५ कॅरेटचा, त्याचा घेर जेमतेम साडेदहा. त्यातच प्रमाणपत्राचा नंबरही आधीच कोरलेला असला तर जागा आणखी कमी. म्हणून नाव, तारीख आणि फार तर एखादा शब्द, एवढंच धरून चाला. जुन्या खड्याची कड कधीकधी धारेसारखी पातळ असते. ती आधी भिंगाखाली बघून घ्या.

आजीपासून चालत आलेला खडा खरंच हिरा आहे का, हेही याच वेळी तपासा. विचारायला जड जातं, पण विचारा. उष्णतेवर चालणाऱ्या साध्या टेस्टरवर हिऱ्यासारखा दिसणारा मॉइसनाइट खडाही हिरा म्हणून निघून जातो, तेव्हा एकाच यंत्रावर भरवसा ठेवू नका. खडा भेगा भरलेला असेल तर जीआयए, म्हणजे हिरे तपासून प्रमाणपत्र देणारी आणि अक्षरंही कोरून देणारी लॅब, त्याला प्रमाणपत्र देत नाही.

लिपीचा प्रश्न सीमाभागात जरा जास्तच अवघड. आमचे व्याही धारवाडकडचे, त्यांच्या घरी कन्नड, आमच्याकडे मराठी. देवनागरी किंवा कन्नड अक्षरं कोरून मिळतील का, हे सराफांकडून लॅबला आधी विचारून घ्या. मिळणार असतील तर मजकूर टाइप करून नुसता मेसेज करू नका, चित्र म्हणून पाठवा, नाहीतर जोडाक्षर फुटतं. रोमन लिपी घेतलीत तर स्पेलिंग दोन्ही घरांना दाखवा. गावाचं नाव घालायचं असेल तर आणखी एक पेच: १ नोव्हेंबर २०१४ पासून कागदोपत्री बेळगावी झालं, घरात मात्र आपण बेळगावच म्हणतो. मी लेकीला म्हटलं, आजी जे म्हणायची तेच लिही. तारखेत महिना आकड्यात लिहू नका. ५-६ म्हणजे पाच जून की सहा मे, हे पन्नास वर्षांनी सांगायला कोण असणार?

जीआयए आणि तशीच दुसरी संस्था आयजीआय, दोघांच्याही लॅब मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात आहेत. जीआयए सुटेच खडे घेते, त्यामुळे कोंदणातून काढल्याशिवाय गत्यंतर नाही. साध्या कुरिअरने पाठवू नका; सराफांच्या विमा उतरवलेल्या पार्सलमधून जाऊ द्या. त्याआधी कॅरेटच्या काट्यावर दोन दशांशांपर्यंत वजन, मिलिमीटरमधली मापं आणि भिंगातून काढलेला फोटो पावतीवर लिहून, जोडून घ्या. आमच्या नात्यात एकांनी नुसत्या तोंडी विश्वासावर खडा दिला होता. परत आलेला आपलाच का, ही शंका त्यांच्या मनातून आजही जात नाही.

कोरल्यानं खड्याची चमक जात नाही, अक्षरं नुसत्या डोळ्यांना दिसतही नाहीत. पण कड पुन्हा पॉलिश केली तर ती पुसली जातात, म्हणून खड्याला पॉलिश हवं असेल तर ते आधी उरकून घ्या. कोरलेला मजकूर प्रमाणपत्रावर नोंदवायलाही सांगा.

खडा परत आला की सराफांच्या समोरच दहापट भिंगातून अक्षर न् अक्षर वाचा आणि मगच कोंदणाचं बोला. बंद कोंदणात सगळी कड झाकली जाते. काट्यांचं कोंदण असेल तर काटा अक्षरांवर येणार नाही अशा बेतानं खडा फिरवून बसवायला सांगा. आम्ही हे कारागिराला कागदावर चित्र काढून दाखवलं. बसवल्यावर लेकीनं भिंग डोळ्याला लावलं आणि आजीचं नाव मोठ्यानं वाचलं.