रांगोळीचं डिझाइन सुचत नाही? खिडकीचं ग्रिल बघा

दिवाळी तोंडावर आली की मोबाईलवर तीच ती मोराची नि कमळाची डिझाइनं फिरत राहतात. त्यापेक्षा आजूबाजूचीच नक्षी उचला: जिन्यातली सिमेंटची जाळी, जुन्या फरशा, साडीचे काठ. मला विचाराल तर सगळ्यांत सोपं खिडकीचं ग्रिल, कारण त्यात रंगांची भानगड नसते, नुसती रेष दिसते.

१. अगदी समोरून फोटो काढा. तिरका आला की माप बिघडतं.

२. पुन्हा पुन्हा येणारा एकच तुकडा शोधा.

३. गणिताच्या चौकटीच्या वहीत ७ बाय ७ ठिपके काढा. तुकडा एका कोपऱ्यात बसवा, मग मधला ठिपका केंद्र धरून वही पाव-पाव फिरवत उरलेले तीन कोपरे भरा. बाहेरच्या कडेला करवतकाठी साडीचे दाते काढले की चौकट झकास दिसते.

फक्त ग्रिलमधले बारीक वेटोळे गाळा. चिमटीतून रेष जाडच पडते. दोन रेषांत बोटभर जागा नसेल तर रंग भरताना सगळा काला होतो.