लिनक्सवर आवाज तुटतो? आधी तंबोरा रेकॉर्ड करा

मिरजेतल्या आमच्या घराची मागची खोली हा माझा स्टुडिओ. भिंतींना गोधड्या, खाली सतरंजी, दोन माइक, माइक कॉम्प्युटरला जोडणारा दोन चॅनेलचा साधा यूएसबी इंटरफेस आणि सेकंडहँड घेतलेला लॅपटॉप: ८ जीबी रॅम, डेबियन १३ (लिनक्सचाच एक प्रकार), रेकॉर्डिंगला आर्डर हा प्रोग्रॅम. इथं मी आमच्या गुरुजींचं गाणं रेकॉर्ड करून ठेवते.

मागच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी गुरुजी पूरिया राग गायले. मंद्र निषादावर थांबले, खोलीत तो निषाद आणि तंबोरा एवढंच, आणि रेकॉर्डिंगमध्ये नेमकं तिथंच ‘टक्’. पुढच्या चार मिनिटांत आणखी नऊ वेळा. तो पूरिया परत मिळणार नाही. त्यानंतर महिनाभर मी याच एका गोष्टीच्या मागे लागले होते. कुणाचं तरी असंच गाणं वाया जाऊ नये म्हणून, माझ्या कामाला जे आलं ते इथं लिहिते आहे.

आधी तो आवाज कसला ते ओळखा

प्रत्येक टक् म्हणजे कॉम्प्युटरचा दोष नव्हे. आर्डरमध्ये त्या जागेवर झूम करत जा, लाट एका बारीक रेषेसारखी दिसू लागेपर्यंत. लाटेचे माथे कापल्यासारखे सपाट असतील तर माइकचा गेन (इंटरफेसवर आवाज वाढवायची पातळी) जास्त होता. लाट चढता चढता मध्येच तुटून भलत्याच उंचीवरून पुढं सुरू झाली असेल, उभ्या कड्यासारखी, तर आवाजाचे मधले काही नमुने (सॅम्पल) हरवलेत. हाच ड्रॉपआउट, लिनक्सवर याला एक्सरन म्हणतात. पुन्हा पुन्हा वाजवल्यावर टक् दर वेळी वेगळ्या जागी येत असेल तर फाइल शाबूत आहे, फक्त ऐकताना आवाज तुटतोय. सलग घूं असा आवाज ही ५० हर्ट्झची घरघर. तिच्यासाठी अर्थिंग आणि केबल तपासा, लिनक्सला हात लावू नका.

एक्सरन का होतो? नळाखाली बादली लावलीय असं समजा. भरली की लगेच दुसरी सरकवायची. क्षणभर उशीर झाला तर पाणी सांडलं. ही बादली म्हणजे बफर. सॅम्पल रेट ४८,००० (म्हणजे सेकंदाला तेवढे नमुने) आणि बफर २५६ नमुन्यांचा असेल तर ती ५.३ मिलिसेकंदांत भरते. तेवढ्या वेळात आवाज उचलायचा, प्लगइनमधून (आवाजावर प्रक्रिया करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममधून) काढायचा आणि परत द्यायचा. सरासरी वेग इथं उपयोगाचा नाही. हजारात एकदा उशीर झाला तरी टक् येतोच. म्हणून सीपीयू १५ टक्क्यांवर दिसत असतानाही आवाज तुटतो, आणि नवा महागडा लॅपटॉप घेतल्यावरही तुटू शकतो.

आता मोजायची सोय करा. आर्डरच्या प्रेफरन्सेसमध्ये एक्सरन होईल तिथं मार्कर टाकायचा पर्याय आहे, तो चालू करा. त्याच्याजवळच एक्सरन झाला की रेकॉर्डिंग थांबवायचा पर्याय आहे, तो बंदच ठेवा. गाणं मध्ये थांबवण्यापेक्षा एक टक् परवडला. मग दहा मिनिटं फक्त तंबोरा रेकॉर्ड करा. तबल्याच्या ठेक्यात टक् लपतो, तंबोऱ्याच्या सलग नादात लपायला जागाच नसते. एका वेळी एकच बदल करायचा, पुन्हा दहा मिनिटं तंबोरा, पुन्हा मार्कर मोजायचे. माझी वही अशा आकड्यांनी भरली आहे. पाच सेटिंग्ज एकदम बदलल्या तर कशामुळे फरक पडला ते कधीच कळत नाही.

बफर: सगळ्यात जास्त फरक इथं पडतो

बफर जितका लहान तितका चांगला असं मी कुठंतरी वाचलं होतं आणि तो ६४ वर ठेवला होता. म्हणजे दर १.३ मिलिसेकंदाला बादली बदलायची. माझ्या कामाला त्याची अजिबात गरज नव्हती.

स्वतःला विचारा: गाणाऱ्याला हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज कॉम्प्युटरमधून फिरून आलेलाच हवा आहे का? बहुतेक यूएसबी इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचं बटण असतं. ते दाबलं की माइकचा आवाज इंटरफेसमधूनच थेट हेडफोनला जातो, उशीर जवळजवळ शून्य. मग आर्डरच्या मॉनिटरिंग सेटिंगमध्ये ते काम हार्डवेअरकडे द्या, नाहीतर आवाज दोनदा ऐकू येईल. एवढं केलं की बफर निर्धास्तपणे १०२४ करा. २१ मिलिसेकंदांची बादली झाली, आणि हा उशीर कुणाच्या कानाला लागत नाही. ख्याल, भजन, कथाकथन, ऑडिओबुक या सगळ्याला हे पुरतं. आमचं निम्मं दुखणं इथंच संपलं.

सॉफ्टवेअरमधला पियानो वाजवायचा असेल किंवा गायकाला रिव्हर्बसकट (घुमाऱ्यासकट) स्वतःचा आवाज हवा असेल, तरच बफर लहान लागतो. तेव्हाही २५६ ला घाबरू नका. आवाज हवेतून एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे दोन मीटरवर बसलेल्या तबलजीची थाप गायकाला जवळजवळ ६ मिलिसेकंद उशिरानंच ऐकू येते. कॉम्प्युटरचा जाऊन-येऊन उशीर एका बफरच्या दोन ते तीन पटींहून थोडा जास्त धरा. २५६ जड वाटला तरच १२८ वर या.

आर्डरच्या ऑडिओ सेटअपमध्ये मी अल्सा (साउंड कार्डशी थेट बोलणारा लिनक्सचा भाग) निवडते, म्हणजे इंटरफेस फक्त आर्डरच्या ताब्यात राहतो. तिथंच पिरियड्सचा, म्हणजे आळीपाळीनं किती बादल्या वापरायच्या त्याचा, आकडा आहे. यूएसबी इंटरफेसला २ ऐवजी ३ ठेवा. पाइपवायरमधूनच (सगळ्या प्रोग्रॅमचा आवाज एकत्र सांभाळणाऱ्या सेवेतून) काम करत असाल तर टर्मिनलमध्ये पीडब्ल्यू-टॉप ही आज्ञा द्या (सगळी अक्षरं लहान). त्यात ईआरआर नावाचा रकाना असतो. काम चालू असताना ज्या ओळीतला आकडा वाढतोय, त्या प्रोग्रॅमचा तुकडा वेळेत पोहोचत नाहीये. क्वांट हा रकाना म्हणजे बफर.

लाइट गेली की काय होतं

पूरियाच्या त्या रेकॉर्डिंगचं कोडं मला इथं सुटलं. टक् सुरू व्हायच्या मिनिटभर आधी लाइट गेली होती. लॅपटॉप बॅटरीवर, इंटरफेस यूएसबीवर चालणारा, त्यामुळे रेकॉर्डिंग चालूच राहिलं आणि मी निश्चिंत होते.

नंतर मी मुद्दाम तसंच करून पाहिलं. तंबोरा रेकॉर्डिंगला लावला आणि घराचा मेन स्विच बंद केला. दहा मिनिटांत सात मार्कर. पहिलं कारण होतं वाय-फाय. लाइट गेली की घरातला राउटरही बंद पडतो, आणि लॅपटॉपचं वाय-फाय नेटवर्क शोधत राहतं. त्या शोधाशोधीत ड्रायव्हर प्रोसेसर अडवून धरत होता. रेकॉर्डिंगआधी वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद केलं तर मार्कर सातावरून दोनावर आले. उरलेले दोन वीज वाचवण्याच्या सेटिंगचे. मी पूर्वी बॅटरी टिकावी म्हणून टीएलपी हे सॉफ्टवेअर टाकलं होतं. बॅटरीवर गेलं की ते प्रोसेसरचा वेग आवरतं. त्याच्या कॉन्फ फाइलमध्ये चार्जरसाठी वेगळ्या आणि बॅटरीसाठी वेगळ्या ओळी आहेत. बॅटरीच्या ओळींतही गव्हर्नर (प्रोसेसरचा वेग ठरवणारी सेटिंग) आणि एनर्जी पॉलिसी ‘परफॉर्मन्स’ केली. मार्कर शून्य.

तुमच्याकडे टीएलपी नसेल आणि डेस्कटॉप नोम किंवा केडीई असेल तर पॉवरच्या मेनूमध्येच परफॉर्मन्स मोड सापडेल. प्रत्येक लॅपटॉपवर तो दिसतोच असं नाही. नसेल तर सीपीयूपॉवर या आज्ञेनं गव्हर्नर बदलता येतो.

रांगेत पुढं बसायची परवानगी

ऑडिओच्या कामाला प्रोसेसरनं इतर कामांआधी हात घालावा यासाठी तुमच्या खात्याला रिअलटाइम प्राधान्य घ्यायची परवानगी लागते. डेबियनवर जॅकडी२ हे पॅकेज टाकताना रिअलटाइम प्राधान्य हवं का असा प्रश्न येतो; हो म्हणा. त्यानं सिक्युरिटीच्या लिमिट्स फोल्डरात ऑडिओ गटासाठी दोन ओळी लिहिल्या जातात: आरटीप्रायो ९५ (प्राधान्याची मर्यादा) आणि मेमलॉक अनलिमिटेड (मेमरी अडवून ठेवायला मर्यादा नाही). मग स्वतःचं खातं ऑडिओ गटात घाला आणि लॉगआउट करून परत या. लॉगआउट न करता तपासलं तर काहीच बदललेलं दिसत नाही; माझी एक अख्खी दुपार यात गेली. टर्मिनलमध्ये यूलिमिट, स्पेस, डॅश आर लिहिल्यावर ९५ आलं तर जमलं.

यूएसबी

इंटरफेस हबवर नको. माझा चार तोंडांच्या हबवर होता, शेजारी पेनड्राइव्ह आणि माउस. टर्मिनलमध्ये एलएसयूएसबी, स्पेस, डॅश टी लिहिलं की कोणतं यंत्र कोणत्या हबवर बसलंय त्याचं झाडच दिसतं. इंटरफेस लॅपटॉपच्या अशा पोर्टमध्ये लावा जिथं त्याच्या फांदीवर दुसरं कुणी नाही. केबल लहान आणि घट्ट बसणारी असू द्या. इंटरफेसची केबल हलवल्यावर टक् येत असेल तर पुढचं काही वाचू नका, आधी केबल बदला.

बाकीचं, थोडक्यात

रेकॉर्डिंगच्या वेळी ब्राउझर बंद. फाइलींची सूची करणारे प्रोग्रॅम (केडीईवर बालू), बॅकअप आणि आपोआप होणारी अपडेट्स बंद. मार्कर ठरावीक अंतरानं पडत असतील, समजा दर दहा मिनिटांनी, तर वेळ लावून चालणारं असंच काहीतरी मागं असतं; ते शोधा.

डिस्कची काळजी लोक उगाच करतात. ३२ बिटचे दोन ट्रॅक ४८,००० वर म्हणजे सेकंदाला ३८४ किलोबाइट. जुनी फिरती डिस्कही हे सहज लिहिते. फक्त पेनड्राइव्हवर थेट रेकॉर्डिंग करू नका.

मिक्सिंग करताना आवाज थांबल्यावर, शांततेत, आर्डरचा डीएसपी आकडा (आवाजाच्या प्रक्रियेचा प्रोसेसरवरचा भार) चढत असेल तर एखादा रिव्हर्ब प्लगइन संशयित धरा. विरत जाणाऱ्या आवाजाचे आकडे इतके सूक्ष्म होतात की काही प्रोसेसरांना त्यांची आकडेमोड जड जाते. अशा आकड्यांना डीनॉर्मल म्हणतात; आर्डरमध्ये ते हाताळण्याची सेटिंग आहे, ती पाहा. तरीही चढला तर तो प्लगइन काढा.

कर्नलला सगळ्यात शेवटी हात लावा

कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, प्रोसेसर कुणाला कधी द्यायचा ते ठरवणारा. बरेच जण सुरुवात इथून करतात. मी शेवटी करायला सांगेन, कारण वरचं सगळं झाल्यावर मला याची गरज फक्त सॉफ्टवेअर वाद्य वाजवताना पडली. ग्रबच्या (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या) सेटिंग फाइलमध्ये जिथं क्वाएट लिहिलेलं असतं, त्याच्या शेजारी ‘प्रीएम्प्ट=फुल’ आणि ‘थ्रेडआयआरक्यूज’ ही दोन घाला, अपडेट-ग्रब चालवा, रीस्टार्ट करा. डेबियन १३ च्या नेहमीच्या कर्नलवर हे चालतं. त्यानंही भागलं नाही तर डेबियनचं आरटी (रिअलटाइम) कर्नल वेगळं पॅकेज म्हणून मिळतं. सुमारे २० वर्षं लिनक्सच्या बाहेर ठिगळासारखं सांभाळलेलं हे काम २०२४ मध्ये ६.१२ या आवृत्तीत मुख्य कर्नलमध्ये आलं.

सगळं करूनही मधूनच टक् येत असेल तर कारण बायोसमध्ये असू शकतं. बायोस म्हणजे मदरबोर्डचं स्वतःचं फर्मवेअर; ते कधी कधी कर्नलला न विचारता प्रोसेसर काढून घेतं. आरटी-टेस्ट्स पॅकेजमधलं एचडब्ल्यूलॅटडिटेक्ट हे पकडतं. तिथं मोठे आकडे दिसले तर बायोस अपडेट करा, नाहीतर रेकॉर्डिंगला दुसरं यंत्र घ्या. तिथं सेटिंग्जनं काही होत नाही.

गायक यायच्या आधी

आता माझ्याकडे ठरलेलं आहे. आदल्या संध्याकाळी वाय-फाय बंद, इंटरफेस थेट पोर्टमध्ये, बफर १०२४. तंबोरा त्या दिवशीच्या रागाला लावते, पूरिया असेल तर निषादाला, आणि वीस मिनिटं रेकॉर्ड करते. पहिली दहा मिनिटं चार्जरवर, मग मेन स्विच बंद करून दहा बॅटरीवर. दोन्हीकडे एकही मार्कर पडला नाही की गुरुजींना फोन करते, उद्या या म्हणून.