महिला ग्रामसभेतली मागणी प्रोसिडिंग बुकात कशी आणायची

दसरा झाला की निम्मं गाव ऊसतोडीला निघतं, अशा बीड जिल्ह्यातल्या एका गावात मी एक मुदत ग्रामपंचायत सदस्य होते. आता महिला ग्रामसंघाचं, म्हणजे गावातल्या बचत गटांच्या संघाचं, काम बघते. आजूबाजूच्या गावांतून नव्याने निवडून आलेल्या बायका फोन करतात. प्रत्येकीचं म्हणणं साधारण एकच असतं, "ताई, सभेत आम्ही बोलतो, सगळे माना हलवतात, पुढं काहीच होत नाही." त्यांना फोनवर जे सांगते, तेच इथे नीट लिहून काढते.

2011 पासून महाराष्ट्रात ग्रामपंचायतीच्या निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. पण सभा कुठे भरते, किती वाजता भरते आणि प्रोसिडिंग कोण लिहितं, या तीन गोष्टी बहुतेक गावांत अजून जुन्याच हातांत आहेत. प्रोसिडिंग म्हणजे सभेत काय ठरलं त्याची बुकातली नोंद. सभेत तुम्ही किती पोटतिडकीने बोललात याची नोंद कुठेच होत नाही. ठराव बुकात कोणत्या शब्दांत उतरला, त्यावरच पुढचं सगळं ठरतं. म्हणून माझा सगळा भर या तीन गोष्टींवर आहे.

तारीख, वेळ आणि जागा

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 7 प्रमाणे प्रत्येक नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावीच लागते. ही कुणी केलेली मेहेरबानी नाही. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या ठरलेल्या ग्रामसभा धरून चला आणि त्यांतली तुमच्या गावासाठी कामाची कोणती ते ओळखा. आमच्याकडे 26 जानेवारीला बाया पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात फडावर, म्हणजे ऊसतोडीच्या रानात, असतात. गावात म्हातारी माणसं आणि कुलपं. 2 ऑक्टोबरला सगळ्या असतात, पण तोवर मुकादमाची, म्हणजे तोडणीची टोळी नेणाऱ्याची, उचल (आगाऊ पैसे) घेऊन झालेली असते आणि तालुक्याला प्रस्ताव पाठवायची वेळ निघून जात असते. त्यामुळे आमच्यासाठी 15 ऑगस्टच्या आधीची महिला सभा सगळ्यात मोलाची. तुमच्याकडे भातलावणी असेल, कापूस वेचणी असेल, द्राक्षाची छाटणी असेल. त्याप्रमाणे हिशोब करा.

सभेची नोटीस सात दिवस आधी निघते. तुमचा विषय विषयपत्रिकेवर यावा म्हणून त्याही आधी ग्रामसेवकाकडे साधा अर्ज द्या (पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण गावात अजून सगळे ग्रामसेवकच म्हणतात). दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घेऊनच बाहेर पडा. "ठेवून जा, बघतो" म्हणाले तरी तिथेच उभ्या राहा.

वेळेचं म्हणाल तर सकाळी अकराची सभा म्हणजे बायकांनी येऊ नये म्हणून ठेवलेली सभा. खुरपणीची मजुरी बुडवून कोण येईल? संध्याकाळी बायका मोकळ्या होतात, पण तालुक्याला राहणारे ग्रामसेवक थांबत नाहीत. आम्ही आठवडी बाजाराचा दिवस धरतो. त्या दिवशी रानात काम नसतं, बाया सकाळी घरी असतात आणि ग्रामसेवकही गावात येतात. बाजाराला निघण्याआधी सभा उरकते.

जागा मारुतीच्या पारावर नको. पारावर सभा भरली की दलित वस्तीतल्या बाया लांब उभ्या राहतात, विधवा मागे राहतात आणि पाळी चालू असलेली येतच नाही. कुणी कुणाला हाकलत नाही, पण आलेल्यांत गाव पूर्ण नसतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत किंवा अंगणवाडीत घ्या. सतरंजी घाला, सगळ्यांनी खाली बसावं, खुर्च्या फक्त ज्यांना गुडघ्यांनी बसवत नाही त्यांना. अपंग बाईला चढता येईल अशी पायरी आहे का तेही आधी बघा.

सभेच्या आधीचं काम

खरी सभा आधीच्या आठवड्यात वस्तीवस्तीवर होते. गावठाणात गटांच्या मिटिंगा असतातच, तिथे विषय निघतो. पण तांड्यावर, पारधी वस्तीवर, शेतातल्या घरांवर जाऊन बसावं लागतं. मी जाताना कोरी वही नेते आणि एकच विचारते, "तुमच्या घरातली कोणती पोर शाळेत जात नाही, आणि का?" मुलींना शिकवलं पाहिजे का, असं विचारलंत तर सगळ्या हो म्हणतील आणि वहीत लिहायला काही मिळणार नाही. पोरीचं नाव, वय, शाळा कधी सुटली, कशामुळे सुटली, एवढं लिहून घ्या. आमच्या वहीत जे निघालं त्यात धाकट्या भावंडाला सांभाळायला फडावर नेलेल्या मुली सगळ्यात जास्त होत्या. आई-बाप दोघं मिळून एक कोयता, दोघंही फडात, मग कोपीवर (फडाजवळच्या झोपडीत) लेकराजवळ कोण? दहा-बारा वर्षांची मोठी बहीण.

इथेच सूचक आणि अनुमोदक ठरवून टाका. ज्या बाईचा प्रश्न आहे तिनेच ठराव मांडावा आणि दुसऱ्या वस्तीतल्या बाईने अनुमोदन द्यावं. तांड्यावरची सूचक असेल तर गावठाणातली अनुमोदक. या एका गोष्टीने जेवढा फरक पडतो तेवढा भाषणांनी पडलेला मी पाहिला नाही. गावठाणातल्या बाईला उठून "माझं अनुमोदन आहे" म्हणताना आपण कशाला हो म्हणतोय ते समजून घ्यावं लागतं. सही येत नसेल तिला त्या आठवड्यात सही शिकवा. अंगठा चालतो, पण स्वतःच्या हाताने नाव लिहिलेली बाई पुढच्या सभेला न बोलावता येते.

एक ठराव कसा झाला

विषय हंगामी वसतिगृहाचा होता. आई-बाप ऊसतोडीला गेले तरी मुलं गावातच राहून शिकावीत म्हणून शाळेत ही सोय करता येते, साधारण सहा महिन्यांसाठी. शाळा व्यवस्थापन समिती ते चालवते. बऱ्याच ठिकाणी मुलं शाळेत जेवतात आणि रात्री आजी-आजोबांकडे झोपतात.

मी बोलून झाल्यावर एक आजी उठल्या. म्हणाल्या, "पोरीला ठिवून घ्यायला मी हाय की. पर मला दिसत न्हाई रातचं. न्हाती-धुती पोर, दाराला कडी न्हाई नीट. उद्या काय झालं तर तिचा बाप मला इचारील, तुला न्हाई."

सगळ्या गप्प झाल्या. हाच खरा अडथळा होता आणि तो आमच्या अर्जात कुठेच नव्हता. मग त्यावरच बोलणं झालं. ज्यांच्या घरात फक्त थकलेली आजी आहे अशा मोठ्या मुलींनी रात्री एकत्र झोपावं. कुठे? शाळेच्या मागच्या खोलीला कडी-कोयंडा आणि दिवा पाहिजे. सोबत कोण? एका विधवा बाईने स्वतःहून सांगितलं, मी झोपते. स्वयंपाकाला गटातल्या दोघी तयार झाल्या. पुरुषांपैकी दाराशी उभे असलेले एक मुकादम म्हणाले, "पोरी इथं ठेवल्या तर बायका फडावर मन लावून काम करतील का?" त्यांना उत्तर त्यांच्याच टोळीतल्या बाईने दिलं, "पोर कोपीवर एकटी ठिवल्यावर कुठं मन लागतंय?"

आता लिहिण्याकडे या. ग्रामसेवकांनी पहिल्यांदा लिहिलं होतं, "गावातील मुलींच्या शिक्षणासाठी प्रयत्न करण्यात यावेत, असे ठरले." असा ठराव कधीही मान्य करू नका. कुणी करायचं, काय करायचं, कधीपर्यंत, काहीच त्यात नाही. आम्ही तिथेच बसून मजकूर असा करून घेतला:

"ऊसतोडीसाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतील मुलामुलींसाठी जिल्हा परिषद प्राथमिक शाळेत हंगामी वसतिगृह सुरू करण्याचा प्रस्ताव शाळा व्यवस्थापन समितीने सोबतच्या यादीसह 5 सप्टेंबरपूर्वी गटशिक्षणाधिकारी यांच्याकडे पाठवावा. मुलींच्या निवासाच्या खोलीस कडी-कोयंडा व दिव्याची सोय ग्रामपंचायतीने महिला व बालकल्याण निधीतून 30 सप्टेंबरपूर्वी करावी. झालेल्या कार्यवाहीची माहिती पुढील महिला सभेत द्यावी."

कोण, काय, कधी, कुठल्या पैशातून, आणि जाब कुठे द्यायचा. या पाच गोष्टी ठरावात आहेत का ते बोटांवर मोजा. मजकूर लिहून झाला की मोठ्याने वाचून घ्या, ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी दोनदा. सह्या शेवटच्या ओळीला लागून करा, मध्ये कोरी जागा सोडू नका. मग मोबाइलवर पानाचा फोटो काढा आणि ग्रामसंघाच्या ग्रुपवर टाका. फोटोला कुणी हरकत घेतली तर नकलेसाठी अर्ज द्या. तरीही मिळाली नाही तर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

महिला सभेत ठराव झाला म्हणून घरी बसू नका. तो मुख्य ग्रामसभेत मांडला गेला पाहिजे. ग्रामसभेची गणपूर्ती (सभा चालायला लागणारी कमीत कमी हजेरी) एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतला जो आकडा कमी असेल तेवढी असते. म्हणजे महिला सभेला आलेल्या बाया तशाच मुख्य सभेला आल्या तर गणपूर्ती बऱ्यापैकी त्यांच्यावरच होते. सभा तहकूब झाली तर जास्तच सावध राहा, कारण तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते आणि चार-पाच जणांत बरंच काही उरकलं जातं. नवीन तारीख विचारून घेतल्याशिवाय उठू नका.

आणखी काय मागता येतं

शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक आणि एकूण निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत, हे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातच आहे. समितीची यादी मागा, नावं वाचा आणि त्या बायकांना आपण समितीवर आहोत हे तरी माहीत आहे का ते विचारा. फडावरून परत आलेल्या मुलीला दाखला नाही म्हणून शाळा परत पाठवू शकत नाही. वयाप्रमाणे वर्गात घ्यावं लागतं आणि मागे पडलेला अभ्यास भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्यावं लागतं. सहावी ते आठवीची मुलगी असेल आणि तालुक्यात कस्तुरबा गांधी बालिका विद्यालय असेल तर तिथे राहण्याची सोय आहे.

एसटीचा पास मुलींना बारावीपर्यंत मोफत आहे, पण गाडीच शाळेच्या वेळेला नसेल तर पासाचा उपयोग काय? ठरावात गाडीची वेळ लिहा आणि नक्कल आगार व्यवस्थापकांना द्या.

बालविवाहाचं बोलणं नाजूक आहे. आमच्याकडे जोडप्याला कोयता म्हणून उचल मिळते, म्हणून पंधरा-सोळाच्या पोरीचं लग्न दिवाळीआधी उरकायची घाई असते. गावात ग्रामसेवक हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आणि अंगणवाडी सेविका त्यांच्या मदतीला. पण सेविका गावातच राहते, तक्रार तिच्या नावावर आली तर तिला राहणं मुश्कील होतं. म्हणून जबाबदारी सभेने घ्यावी. मंडपवाला, आचारी, लग्न लावणारे, सगळ्यांनी मुलीचा जन्मदाखला बघितल्याशिवाय तारीख घेऊ नये, असा ठराव करा आणि त्यांना सभेतच बोलवा. 2006 च्या कायद्याप्रमाणे लग्न लावून देणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, हे त्यांना तोंडावर सांगा. तातडीची वेळ आली तर 1098 या बालकांच्या मदतीच्या नंबरवर फोन करा.

विधवांच्या बाबतीत कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडचं उदाहरण द्या. मे 2022 मध्ये त्या गावाने नवरा गेल्यावर बायकोचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं बंद करायचा ठराव केला आणि त्याच महिन्यात शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसं करण्याचं आवाहन केलं. आमच्याकडे यावर थेट ठराव मांडण्याआधी आम्ही गटाच्या हळदीकुंकवात सगळ्यांना सारखं कुंकू लावायला सुरुवात केली. काही सासवा उठून गेल्या. पुढच्या वर्षी त्यांतल्या बऱ्याच बसून राहिल्या. हा विषय घाईने मांडून हरवू नका, आणि विधवा बायकांना विचारल्याशिवाय तर मुळीच मांडू नका.

पैशाचं विचारायला लाजू नका. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला 10 टक्के भाग महिला व बालकल्याणावर, 15 टक्के मागासवर्गीयांवर आणि 5 टक्के दिव्यांगांवर खर्च व्हायला हवा. गेल्या वर्षीचे हे तीन आकडे सभेत वाचून दाखवा, एवढाच विषय एका सभेला ठेवून बघा. शिलाई मशीन वाटप दरवर्षी दिसत असेल तर विचारा, मशिनी कुणाच्या घरी आहेत आणि त्यावर काम चालू आहे का.

2003 च्या शासन निर्णयाप्रमाणे घराची नोंद नवरा-बायको दोघांच्या नावे करता येते. नमुना 8, म्हणजे ग्रामपंचायतीतला घरांच्या नोंदीचा उतारा, काढून बघा. ही नोंद करायला पैसा लागत नाही, भांडण मात्र घराघरांत होतं, म्हणून सगळ्या गावाची नोंद एकदम मागा, एकट्या बाईला अर्ज करायला लावू नका.

पुढच्या सभेचा पहिला विषय नेहमी मागच्या ठरावांवर काय झालं हाच ठेवा. आमच्याकडे जानेवारीत बाया गावात नसतात, म्हणून निघण्याआधी ठरावाची एकेक नक्कल आज्यांपैकी दोघींकडे आणि एक अंगणवाडीत ठेवतो. 26 जानेवारीच्या आधी महिला सभा होते तेव्हा त्याच आज्या उठून विचारतात, वसतिगृहात रोज किती लेकरं जेवतात, कडी बसली का, दिवा लागतो का. उत्तर जे येईल ते फोनवरून फडावर कळवतात.